विश्लेषण : ओल्या कचऱ्याचे खत करणारी ‘इंदूर पद्धत’ कोणाची? सर अल्बर्ट हॉवर्ड कोण होते?

भिवंडी तालुक्यातील पूर्णा हे नाव बाहेरच्या माणसाला गोदामांमुळे माहीत असते. ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या या पट्ट्यात गोदामांच्या शेजारी आता निवासी इमारतीही आहेत आणि त्यांच्या गॅलऱ्यांत तुळस, कढीपत्ता, मोगरा, मिरचीच्या कुंड्या आहेत. भाज्यांची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा बादलीत साठवून या कुंड्यांना खत करावे, असे अनेकांना वाटते. प्रयत्न सुरू होतो आणि आठ दिवसांत वास सुटतो, चिलटे येतात, अळ्या होतात. शेजारी तक्रार करतात आणि बादली पुन्हा घंटागाडीत रिकामी होते. बादलीत नेमके काय चुकते, याचे उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात शोधले गेले. ते शोधणारा माणूस इंग्रज सरकारी नोकर होता आणि त्याला ते शेतकऱ्यांसाठी हवे होते. घरच्या कंपोस्टच्या बादलीमागचे शास्त्र मात्र आजही तेच आहे.

हॉवर्ड भारतात कसे आले?

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात, बिशप्स कॅसल येथे शेतकरी कुटुंबात झाला. लंडन आणि केंब्रिज येथे त्यांनी विज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडिजमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागले. उसाचे आणि इतर पिकांचे रोग तपासून सल्ला देणे हे त्यांचे काम होते. पण सल्ला देणाऱ्याच्या हातात स्वतःचे एक वावरही नव्हते. जो उपाय आपण स्वतः करून पाहिला नाही, तो शेतकऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचा, ही टोचणी तिथेच लागली आणि आयुष्यभर राहिली. १९०३ मध्ये इंग्लंडला परतून त्यांनी वाय येथील कृषी महाविद्यालयात हॉप या वेलीवर काम केले. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे नव्याने उभ्या राहत असलेल्या कृषी संशोधन संस्थेत ‘इम्पीरियल इकॉनॉमिक बॉटनिस्ट’ हे पद त्यांना मिळाले. तेव्हा त्यांनी पहिली मागणी केली ती जमिनीची.

त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथेई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल यांची ओळख केवळ हॉवर्ड यांच्या पत्नी अशी करून देणे अन्यायाचे ठरेल. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा आणि प्रकाशाचा परिणाम कसा होतो, याविषयी केंब्रिजमध्ये त्यांनी केलेले काम वनस्पतिशास्त्रात आजही मोलाचे मानले जाते. भारतात आल्यावर त्यांनी सुरुवातीला पगाराविना काम केले आणि पुढे सरकारने त्यांना दुसऱ्या इकॉनॉमिक बॉटनिस्टचे पद दिले. गव्हाच्या ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ या गाजलेल्या वाणांमागे या दोघांचे काम आहे.

पुसामध्ये नेमके काय दिसले?

पुसाच्या आसपासचे शेतकरी कीटकनाशक वापरत नव्हते, विकतचे खतही घालत नव्हते. तरी त्यांची पिके बऱ्यापैकी निरोगी होती. हे पाहून हॉवर्ड यांनी सरकारी तज्ज्ञाला न शोभणारी गोष्ट केली. त्यांनी शेतकऱ्यांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून शिकायचे ठरवले. गावकरी शेती कशी करतात आणि कीड कोणत्या रोपावर आधी येते, हे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले. कीड हा शत्रू नसून जमिनीचे किंवा पिकाचे काहीतरी बिघडले असल्याची ती खूण आहे, या मतापर्यंत ते आले.

बैलांची गोष्ट त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यांच्या बैलांना सेंद्रिय खतावर वाढलेला चारा मिळत असे. शेजारच्या सरकारी गोठ्यातील जनावरांना लाळ्या-खुरकूत झाली होती आणि मध्ये फक्त एक बुटके कुंपण होते. दोन्हीकडची जनावरे कुंपणावरून एकमेकांच्या नाकाला नाक लावत. तरी हॉवर्ड यांच्या बैलांना रोग झाला नाही. यातून त्यांनी सुपीक जमीन, सकस चारा आणि निरोगी जनावर अशी साखळी मांडली. हा काटेकोर प्रयोग नव्हता, निरीक्षण होते, हे इथेच नोंदवायला हवे. लाळ्या-खुरकूत चाऱ्याने टळते असे मानून आज कोणी लसीकरण टाळले, तर जनावरे गमावण्याची वेळ येईल.

पुसातील कामाच्या पद्धतीशी त्यांचे पटले नाही. कीटकशास्त्र एका खोलीत, रसायनशास्त्र दुसऱ्या आणि वनस्पतिशास्त्र तिसऱ्या खोलीत असे. रोप मात्र एकच. त्याचा सलग अभ्यास करणारी संस्था त्यांना हवी होती.

मग इंदूरच का?

अशी संस्था उभी राहिली ती ब्रिटिश मुलखात नव्हे, तर होळकरांच्या मराठी संस्थानात. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या काळात, १९२४ मध्ये, इंदूर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. कापसावरील उपकरातून चालणाऱ्या मध्यवर्ती कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी पैसा दिला आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ सुरू झाली. संचालक हॉवर्ड होते. माळव्याची काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर आणि बैल हा त्यांचा संसार झाला. मजुरांना वेळेवर पगार, मर्यादित तास आणि विश्रांती देण्याकडे त्यांनी लक्ष दिले.

तिथे त्यांच्यापुढे जो प्रश्न होता, तो विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला आजही समजावून सांगावा लागणार नाही. जमिनीला शेणखत हवे, पण शेणाचा मोठा भाग गोवऱ्या होऊन चुलीत जातो. दुसरीकडे पऱ्हाट्या, तुराट्या, पाचट, तण, पालापाचोळा शेतात पडून वाया जातो किंवा जाळला जातो. नुसता काडीकचरा लवकर कुजत नाही आणि शेण पुरत नाही. मग थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवता येईल का?

याचा नमुना त्यांना चीनमधून मिळाला. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी चीन, कोरिया आणि जपानमध्ये फिरून लिहिलेले पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्या देशांतील शेतकरी शेकडो वर्षे घरातला आणि शेतातला प्रत्येक टाकाऊ पदार्थ जमिनीला परत करत आले होते. हॉवर्ड यांनी ही जुनी रीत घेतली आणि तिला मोजमाप दिले.

इंदूर पद्धत काय होती?

उकिरड्याचाही पांग बारा वर्षांनी फिटतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. इंदुरात तो तीन महिन्यांत फिटू लागला.

साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि अवघे २ फूट खोल खड्डे खणले जात. खोली मुद्दामच कमी ठेवली होती, कारण खोल खड्ड्यात तळाशी हवा पोहोचत नाही. कापसाच्या टणक पऱ्हाट्या आधी संस्थेच्या रस्त्यांवर पसरल्या जात आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून मऊ होत. नंतर हा काडीकचरा गोठ्यात बैलांखाली अंथरला जाई. त्यामुळे तो तुडवला जाई आणि मूत्रात भिजे. मग खड्ड्यात थर लावायचे. मिश्र काडीकचरा, त्यावर थोडे शेण, त्यावर मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख, आणि पाण्याचा शिडकावा. राख कुजण्यात तयार होणारे आम्ल मारते. थर दाबायचे नाहीत, त्यावर पाय द्यायचा नाही. पहारीने उभी भोके पाडून आतपर्यंत हवा जाऊ द्यायची. पहिली पलटी साधारण पंधरवड्यात, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. नव्वद दिवसांनी हाताला भुसभुशीत लागणारे, पावसाने भिजलेल्या रानासारख्या वासाचे काळपट खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून त्या चार महिन्यांत ढीग जमिनीच्या वर रचला जाई. भिवंडीच्या पावसात बादली कुठे ठेवावी, याचे उत्तर इथेच आहे.

यातले खरे काम सूक्ष्मजीव करतात. आधी बुरशी वाढते, ढीग तापतो आणि आतले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या उष्णतेत तणाचे बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. पुढे ढीग निवत जातो आणि जिवाणू काम हाती घेतात. या सगळ्यांना तीन गोष्टी लागतात : हवा, ओलावा आणि योग्य मिश्रण. कार्बन म्हणजे काडीकचरा, पाने, भुसा. नायट्रोजन म्हणजे शेण, मूत्र, हिरवा पाला. सुरुवातीच्या ढिगात नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे सुमारे ३३ भाग असावेत आणि तयार खतात हे प्रमाण १० भागांच्या आसपास येते, असा इंदूरचा हिशेब होता.

आता पूर्णाच्या गॅलरीतली बादली पुन्हा पाहू. तिच्यात फक्त ओला कचरा असतो. म्हणजे नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन कमी आणि हवा जवळपास नाहीच. टोमॅटो आणि काकडीचे पाणी सुटून तळाशी साचते, मध्ये हवेची जागा उरत नाही. हवेविना जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि त्यांचाच तो घाण वास. माश्या आणि दुर्गंधी दिसली की आत हवा कमी पडली, ढीग लगेच उलटावा, हा नियम इंदुरात तेव्हाच ठरला होता. वासावर उपाय म्हणून झाकण घट्ट लावणारा माणूस नेमके उलटे करतो.

यशवंत वाड हे नाव कुठे गेले?

या पद्धतीचे मूळ पुस्तक १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केले. शेतीतील टाकाऊ पदार्थांचे ह्युमस कसे करावे, हा त्याचा विषय. मुखपृष्ठावर लेखक दोन आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेतील रसायन विभागाचे प्रमुख सहायक होते. ढिगात किती नायट्रोजन गेला, किती उरला, तापमान कसे चढले-उतरले, हा हिशेब म्हणजे या पद्धतीचा कणा आहे आणि तो रसायनशास्त्राचा आहे. जगभरच्या लेखनात मात्र हॉवर्ड यांचेच नाव राहिले. वाड यांचा उल्लेख झालाच तर एखाद्या तळटीपेत होतो. स्वतः हॉवर्ड यांनी पद्धतीला आपले नाव दिले नव्हते; जमीन देणाऱ्या संस्थानाची कृतज्ञता म्हणून इंदूरचे दिले होते. नंतरच्यांनी एवढी काळजी घेतली नाही.

शहरी वाचकाच्या दृष्टीने वाड यांचे पुढचे काम अधिक जवळचे आहे. हॉवर्ड गेल्यानंतर, १९३४ मध्ये, वाड आणि संस्थेतील एफ. के. जॅक्सन यांनी मनुष्यवस्तीतील कचरा आणि मैला इंदूर पद्धतीने आरोग्याला धोका न होता कसा कुजवावा, यावर पुस्तिका काढली. शेतातली पद्धत नगरपालिकेच्या दारात आली ती इथे. १९३५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने इंदूरला आले होते. त्याच वर्षी त्यांच्या ‘हरिजन’मध्ये इंदूर पद्धतीची माहिती छापून आली.

हॉवर्ड मात्र तोवर भारतात नव्हते. १९३० च्या ऑगस्टमध्ये गॅब्रिएल यांचे जिनिव्हा येथे निधन झाले. पंचवीस वर्षांचा संसार आणि तेवढीच वर्षे एकत्र केलेले संशोधन तिथे संपले. पुढच्या वर्षी हॉवर्ड यांनी नोकरी सोडली आणि ते इंग्लंडला परतले. गॅब्रिएल यांची बहीण लुईस यांच्याशी त्यांनी नंतर विवाह केला. भारतातील त्या दोघांच्या कामाचा इतिहास पुढे लुईस यांनीच लिहिला. १९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

रासायनिक खतांशी त्यांचे भांडण काय होते?

किताब मिळाला, पण संशोधन संस्थांशी असलेला दुरावा वाढत गेला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लिबिग यांच्या १८४० मधील पुस्तकापासून पिकाला लागणारी द्रव्ये पोत्यातून देता येतात, हा विचार रुजला होता. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८४३ पासून खतांचे प्रयोग सुरू होते. नत्र, स्फुरद, पालाश एवढ्यातच जमिनीचा विचार संपवणे हॉवर्ड यांना मान्य नव्हते. जमिनीतून घेतलेले सगळे जमिनीला परत करावे, अन्यथा तिचे भांडवल संपत जाते, हा त्यांचा सिद्धान्त. १९४० मधील ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ या पुस्तकात तो त्यांनी सविस्तर मांडला. हे पुस्तक सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा पाया मानले जाते. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेती आणि बागेला वाहिलेले मासिक काढले, तेव्हा सहसंपादक म्हणून हॉवर्ड यांचे नाव होते.

या भांडणात ते पूर्णपणे बरोबर होते, असे म्हणता येत नाही. सेंद्रिय खत घातलेल्या जमिनीतील पिकाला रोगच होत नाही आणि ते खाणाऱ्या माणसालाही होत नाही, इथपर्यंत त्यांची मजल गेली आणि त्याला पुरेसा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. रॉथमस्टेडच्या रासायनिक खतांवरच्या शेतात गहू दशकानुदशके येत राहिला, ही अडचणीची गोष्ट त्यांनी झटकून टाकली. स्वभाव भांडखोर होता; विरोधकांशी पटले नाही, तसे सहप्रवाशांशीही पटले नाही. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या ‘सॉइल असोसिएशन’पासून ते दूरच राहिले. तरीही ह्युमस, जमिनीतील बुरशी आणि सूक्ष्मजीव यांना शेतीच्या विचारात मध्यभागी आणण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. रासायनिक खते वापरणारा शास्त्रज्ञही आज जमिनीतील सेंद्रिय कर्ब मोजतो.

शहराच्या कचरापेटीपर्यंत ते कसे पोहोचले?

निवृत्तीनंतर इंदूर पद्धत केनियातील कॉफीच्या मळ्यांत आणि भारतातील चहाच्या बागांत गेली. इंग्लंडमध्ये हॉवर्ड यांचे लक्ष शहरांकडे वळले. शेतातला माल शहरात येतो, सोललेले-निवडलेले कचरापेटीत जाते आणि तिथून खड्ड्यात पुरले किंवा जाळले जाते. म्हणजे गावच्या जमिनीची सुपीकता शहरात येऊन संपते. लंडनच्या साउथवर्क भागातील घरगुती कचरा बारीक करून रेल्वेने ससेक्समधील बोडियम येथील हॉपच्या मळ्यात नेला जात असे आणि खत म्हणून वापरला जात असे. गिनेस या मद्यकंपनीचा तो मळा हॉवर्ड यांच्या आवडत्या उदाहरणांपैकी एक होता. घरच्या छोट्या बागेसाठी त्यांनी न्यूझीलंडमध्ये रूढ झालेली, फळ्यांमध्ये फटी ठेवलेली लाकडी पेटी सुचवली. स्वयंपाकघरातला आणि बागेतला कचरा त्यात एकत्र पडायचा. खेळणारी हवा हेच तिचे मर्म होते.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. इंदूरच्या त्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले.

महाराष्ट्रात ही पद्धत कोणत्या रूपात आली?

वारंवार पलटी मारण्याचे कष्ट हा इंदूर पद्धतीचा तोटा होता. १९३९ मध्ये बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी पलटी न लागणारी ‘बंगलोर पद्धत’ काढली. तिला वेळ जास्त लागतो. महाराष्ट्राचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दिले. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ पद्धत झाली. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच विटांचे टाके बांधायचे आणि भिंतीत ठरावीक अंतराने विटेएवढ्या फटी सोडायच्या. इंदुरात पहारीची भोके जे करत होती, ते इथे भिंत स्वतः करते. गॅलरीत ठेवायच्या कंपोस्ट बादलीला चारी बाजूंनी भोके का असतात, ते यावरून कळते. नाडेपचे टाके लहान करत गेले की ती बादली होते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले. ५ हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, अशी अपेक्षाही त्यात होती. वेगळा केलेला ओला कचरा कोरड्या जोडीशिवाय कुजवता येत नाही, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. पूर्णासारख्या ठिकाणी ही कोरडी जोड दाराशीच पडलेली असते. गोदामांतून निघणारे तपकिरी पुठ्ठ्याचे खोके म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन. चिकटपट्टी, लेबल आणि गुळगुळीत रंगीत भाग काढून पुठ्ठ्याचे बोटाएवढे तुकडे करावेत. आसपासच्या भातशेतीतील पेंढा किंवा तूस, झाडांची वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्यांचा चुरा हेही चालते.

मोजायला तराजू लागत नाही. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या कोरडा माल आणि मूठभर जुने खत किंवा बागेतली माती, असा अंदाज ठेवावा. मातीतले सूक्ष्मजीव इथे शेणाचे काम करतात. तळाशी काड्यांचा जाड थर द्यावा म्हणजे पाणी निथळते. आठवड्यातून एकदा काठीने वरखाली करावे. मूठ दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. टपकले तर आणखी पुठ्ठा टाकावा. पावसाळ्यात बादली वळचणीखाली, विटांवर ठेवावी. तेलकट आणि शिजलेले अन्न, मासळी-मटणाचे अवशेष आणि दूध सुरुवातीला टाळावे. उंदीर त्यांनीच येतात. केळीची साल बारीक चिरून टाकली तर चटकन कुजते, आंब्याची कोय आणि नारळाची करवंटी वर्षभर तशीच राहते.

बादलीचा ढीग लहान असल्याने इंदूरच्या खड्ड्याएवढा तापत नाही. म्हणून टोमॅटो आणि मिरचीचे बी त्यात मरत नाही आणि कुंडीत आपोआप रोपे उगवतात. रोगट पाने मात्र याच कारणाने बादलीत घालू नयेत. तीन-चार महिन्यांनी साल-देठ ओळखू येईनासे झाले की चाळून घ्यावे, न कुजलेले पुढच्या बादलीच्या तळाशी टाकावे आणि एक भाग खताला तीन भाग माती मिसळून कुंडी भरावी.